ली ब्युंग-हून: इतिहासातल्या दोन ओळींवरून ५४ भाग उभे करणारे कोरियन दिग्दर्शक

दूरदर्शनवर २००६ साली 'घर का चिराग' नावाची हिंदीत डब केलेली एक मालिका दाखवली गेली. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात दाखल झालेली एक अनाथ मुलगी, तिची कडक पण मायाळू गुरू, पदार्थांच्या स्पर्धा आणि पुढे त्याच मुलीचं राजाची वैद्य होणं, अशी तिची गोष्ट होती. कोरियन मालिकांची आजची लाट भारतात यायला तेव्हा बराच अवकाश होता. त्यामुळे आपण पाहतोय ती कोरियातली सगळ्यात गाजलेल्या मालिकांपैकी एक आहे, हे तेव्हाच्या अनेक प्रेक्षकांना माहीतही नसेल.

मालिकेचं मूळ नाव 'दे जांग-गुम'. जगभरात ती 'ज्वेल इन द पॅलेस' या नावाने ओळखली जाते. तिचे दिग्दर्शक म्हणजे ली ब्युंग-हून.

कोरियन नावांत आडनाव आधी येतं, म्हणजे इथे 'ली' हे आडनाव. 'स्क्विड गेम'मधला अभिनेता ली ब्युंग-हन वेगळा. नावं सारखी वाटत असल्यामुळे इंटरनेटवर शोधताना दोघांची गल्लत होते.

दिग्दर्शक ली यांचा जन्म १९४४चा. ऐतिहासिक मालिकांना कोरियात 'सागुक' म्हणतात, आणि या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जातं. पण ते महत्त्वाचे का ठरले, याचं उत्तर फक्त लोकप्रियतेत सापडत नाही. त्यांनी एकाच राजघराण्याची गोष्ट आयुष्यात दोनदा सांगितली. पहिल्यांदा ती सिंहासनाच्या बाजूने होती, दुसऱ्यांदा स्वयंपाकघर, दवाखाना, तबेला आणि तुरुंगाच्या बाजूने.

पहिली फेरी: राजे, राण्या आणि ५०० वर्षं

कोरियावर १३९२ पासून पाच शतकांहून अधिक काळ जोसन घराण्याचं राज्य होतं. १९८३ साली 'एमबीसी' या कोरियन वाहिनीने या संपूर्ण काळावर एक महामालिका सुरू केली, 'जोसन घराण्याची ५०० वर्षं'. लेखक होते शिन बोंग-संग आणि दिग्दर्शनाची धुरा होती ली यांच्याकडे. मालिका १९९० पर्यंत चालली. तिचे एकूण ११ खंड झाले आणि प्रत्येक खंड म्हणजे एक स्वतंत्र मालिकाच होती.

हा सागुकचा जुना साचा होता. राजा कोण होणार, राणीला कोण हटवणार, कोणत्या दरबारी गटाचं पारडं जड होणार, हे त्यातले मुख्य प्रश्न. पात्रं भारदस्त भाषेत बोलायची. राजा, राणी आणि मंत्री सोडून बाकीची माणसं निरोप आणायला, चहा ठेवायला किंवा शिक्षा भोगायला पडद्यावर यायची.

यातल्या १९८८च्या एका खंडात राणी इनह्यन आणि जांग हुई-बिन यांचा संघर्ष होता. कोरियात ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. राजा सुकजोंगच्या काळात १६८९ साली इनह्यनला राणीपदावरून हटवण्यात आलं, तिच्या जागी जांग हुई-बिन आली, १६९४ साली इनह्यन परतली आणि १७०१ साली जांग हुई-बिनला देहदंड झाला. या खंडाची आठवण ठेवायला हवी, कारण बावीस वर्षांनी ली याच राजवाड्यात परत येणार होते.

'हो जुन'ने काय बदललं?

१९९०च्या दशकात ली प्रत्यक्ष दिग्दर्शनापासून लांब, वाहिनीच्या व्यवस्थापनात होते. या काळात कोरियन टीव्ही पुष्कळ बदलला. तरुण प्रेक्षक शहरी प्रेमकथांकडे वळला होता आणि सागुक म्हणजे घरातल्या मोठ्यांनी बघायची गोष्ट, असा समज होता.

नोव्हेंबर १९९९ मध्ये ली 'हो जुन' घेऊन परतले. इंग्रजीत हे नाव 'हर जुन' असंही लिहिलं जातं. हो जुन हा सोळाव्या-सतराव्या शतकातला खराखुरा वैद्य. त्याचा 'दोंगुई बोगाम' हा वैद्यकीय ग्रंथ १६१० साली पूर्ण झाला, १६१३ साली छापला गेला आणि २००९ साली युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत त्याची नोंद झाली.

हो जुन उमराव घराण्यातला असला तरी औरस मुलगा नव्हता. जोसन समाजात अशा मुलांना मोठ्या पदांचे दरवाजे बंद असायचे. या अडचणीतूनच मालिका सुरू होते. जन्माने वाट अडवलेला माणूस हातातल्या विद्येच्या जोरावर कुठवर जाऊ शकतो, हा तिचा प्रश्न होता. मालिकेतला गाजलेला प्रसंग पाहा. हो जुन राजवैद्याच्या परीक्षेला निघालेला असतो. वाटेत एका गावात आजारी माणसं त्याला अडवतात. तो उपचार करत राहतो आणि परीक्षा हुकते. लढाई, कट किंवा राज्याभिषेक यातलं काहीही नसताना प्रेक्षक श्वास रोखून बसले ते या प्रसंगाला.

मांडणीही बदलली. संवाद आजच्या बोलीच्या जवळ आले, कपड्यांचे रंग उजळले, कथेचा वेग वाढला आणि पार्श्वसंगीताला आधुनिक वळण मिळालं.

निकाल आकड्यांत दिसला. कोरियात टीव्ही असलेल्या घरांपैकी किती घरांत कार्यक्रम लागला आहे, यावरून रेटिंग ठरतं. ६४ भागांच्या 'हो जुन'ने ६० टक्क्यांच्या पुढचा आकडा गाठला. मालिका संपली जून २००० मध्ये. ऐतिहासिक मालिकांमध्ये एवढी उंची क्वचितच कुणाला गाठता आली आहे.

एवढ्याशा नोंदीतून 'जांग-गुम' कशी उभी राहिली?

जोसन राजवटीत दरबारातल्या रोजच्या घडामोडींची नोंद ठेवली जायची. राजा जुंगजोंगच्या (कारकीर्द १५०६ ते १५४४) नोंदींमध्ये जांग-गुम नावाच्या एका स्त्री-वैद्याचा उल्लेख मोजक्या ठिकाणी येतो. १५१५ साली बाळंतपणानंतर राणीचा मृत्यू झाला, तेव्हा तिला शिक्षा करावी की नाही यावर चर्चा झाली. १५२४च्या नोंदीत तिच्या कौशल्याचं कौतुक आहे. १५४४ साली राजा अखेरच्या आजारात असताना आपल्या दुखण्याची माहिती स्त्री-वैद्याला आहे, असं त्याने सांगितल्याची नोंद आहे.

ती कुठून आली, कुणाची मुलगी होती, पुढे तिचं काय झालं, याबद्दल या नोंदी गप्प आहेत.

हे मौन समजून घ्यायला त्या काळातल्या स्त्री-वैद्यांचं स्थान माहीत असायला हवं. उच्चकुलीन बायका परपुरुष वैद्याला हात लावू देत नसत आणि उपचाराअभावी मरत. म्हणून १४०६ साली मुलींना वैद्यकी शिकवण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी मुली निवडल्या गेल्या त्या सरकारी गुलामांमधून. म्हणजे राणीची नाडी बघणारी बाई समाजाच्या तळाची असायची. जुंगजोंगच्या आधीच्या राजाच्या काळात तर स्त्री-वैद्यांना मेजवान्यांमध्ये मनोरंजनासाठीही उभं केलं जायचं. अशा बाईवर राजाने स्वतःचा जीव सोपवणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते यावरून कळतं.

ली आणि लेखिका किम यंग-ह्यन यांनी या तुटक नोंदींवरून ५४ भागांची मालिका रचली. ती सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ या काळात एमबीसीवर दाखवली गेली. मुख्य भूमिकेत ली यंग-ए होती. पूर्वार्धात जांग-गुम राजवाड्याच्या स्वयंपाकघरात वाढते. कटाला बळी पडून तिला जेजू बेटावर पाठवलं जातं आणि तिथे वैद्यकी शिकून ती पुन्हा राजवाड्यात येते.

पदार्थ खरे वाटावेत यासाठी कोरियन दरबारी पाककलेच्या अभ्यासक हान बोक-र्यो यांचं मार्गदर्शन घेण्यात आलं. ही पाककला कोरियात अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून जतन केली जाते आणि गुरूकडून शिष्याकडे जाते. हान यांच्याकडे ती आईकडून आली होती.

शिकण्याचा हा धागा मालिकेतही जागोजागी आहे. लहानग्या जांग-गुमला तिची गुरू, म्हणजे हान बाई, रोज फक्त प्यायचं पाणी आणायला सांगते. मुलगी पाणी आणते, गुरू परत पाठवते. कोमट आणलं तरी नाही, गार आणलं तरी नाही. शेवटी मुलगी विचारते की पोट दुखतंय का, घसा कसा आहे, आणि मग त्याप्रमाणे पाणी देते. खाणाऱ्याची तब्येत आधी विचारायची, हा तिचा पहिला धडा. पुढे वैद्य झाल्यावर हाच प्रश्न तिच्या कामी येतो. स्वयंपाक आणि वैद्यकी हे मालिकेचे दोन भाग या एका प्रसंगाने जोडले जातात.

जगभर कशी पोहोचली?

कोरियात या मालिकेने ५० टक्क्यांच्या पुढे रेटिंग मिळवलं. २००४ साली ती तैवानमध्ये आणि जपानच्या एनएचके वाहिनीवर गेली, २००५ मध्ये हाँगकाँग आणि चीनमध्ये. इराणच्या सरकारी टीव्हीवर ती प्रचंड गाजली. श्रीलंकेत रूपवाहिनीवर २०१२ साली ती 'सुजाता दियणी' नावाने सिंहलीत दाखवली गेली आणि तिथेही घराघरांत पोहोचली. एकूण ९०च्या आसपास देशांत ती विकली गेल्याचं सांगितलं जातं.

इराण आणि श्रीलंकेत कोरियाच्या राजांची नावं कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरीही कथा समजायला अडचण आली नाही, कारण तिचा गाभा दरबारी राजकारणाचा नव्हता. गुरू, शिष्य, मत्सर, परीक्षा, आईला दिलेलं वचन आणि चुलीसमोर घालवलेले तास कुठल्याही देशात समजतात. शिवाय मालिकेत मोकळी शारीरिक जवळीक जवळपास नव्हती. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघायला ती सोयीची होती.

प्रत्येक मालिकेत राजवाड्याचं एक नवं खातं

ली यांच्या पुढच्या मालिका ओळीने मांडल्या की त्यांची पद्धत लक्षात येते. प्रत्येक वेळी ते एक धंदा किंवा सरकारी खातं निवडतात आणि त्याचं आतलं काम दाखवतात.

- सांग्दो (२००१-०२): व्यापार. जिनसेंगचा व्यापारी इम सांग-ओक (१७७९-१८५५) याची गोष्ट. 'हो जुन'चेच लेखक चोई वान-ग्यू यांनी चोई इन-हो यांच्या कादंबरीवरून लिहिलेली.
- सदोंग्यो (२००५-०६): शास्त्र आणि तंत्र. जोसनच्या आधीचं बेक्जे राज्य आणि रताळ्यासारखे कंद विकणारा, पुढे राजा झालेला मुलगा. ही मालिका एसबीएस वाहिनीवर झाली.
- यी सान (२००७-०८): राजा जोंगजोची गोष्ट, पण शेजारीच दरबारी चित्रशाळा आणि तिथे काम करणारी मुलगी. एकूण ७७ भाग.
- दोंग यी (२०१०): दरबारी संगीत खातं. तिथे राबणारी मुलगी पुढे राजमाता होते.
- मा-उई (२०१२-१३): घोड्यांचा वैद्य बेक ग्वांग-ह्यन, जो पुढे राजवैद्य झाला. अभिनेता चो संग-वू याची ही पहिलीच टीव्ही मालिका.
- ओकजुंगह्वा (२०१६): तुरुंग. कैदखान्यातच जन्मलेल्या मुलीची गोष्ट.

या यादीतली 'दोंग यी' सगळ्यात महत्त्वाची. तिची नायिका म्हणजे चोई सुक-बिन. ती राजवाड्यात पाणी भरणारी दासी होती असं परंपरेने सांगितलं जातं. राजा सुकजोंगपासून तिला मुलगा झाला आणि तोच पुढे यंगजो नावाने ५२ वर्षं राज्य करणारा राजा ठरला.

हा तोच सुकजोंग, आणि तोच इनह्यन-जांग हुई-बिन संघर्ष. १९८८ साली ली यांनी ही गोष्ट दोन राण्यांची म्हणून सांगितली होती. २०१० साली तोच राजवाडा, तीच भांडणं आणि त्याच शिक्षा त्यांनी दासीच्या नजरेतून दाखवल्या. एका दिग्दर्शकाचा प्रवास समजून घ्यायला या दोन मालिकांमधलं अंतर पुरेसं आहे.

इतिहासकारांचे आक्षेप काय आहेत?

नोंदी अपुऱ्या असतील तर उरलेली जागा कल्पनेने भरावी लागते. ली यांच्यावरची सगळ्यात मोठी टीका याच ठिकाणी होते.

जांग-गुम राजवाड्यात स्वयंपाकी होती, असं कुठल्याही नोंदीत नाही. नोंदीत ती फक्त वैद्य आहे. त्या काळात दरबारातला बराचसा स्वयंपाक पुरुष करत, तर मालिकेत जवळपास सगळं काम बायकांच्या हाती दिसतं. 'हो जुन'मधला गुरू यू उई-ते आणि त्याने शिष्याला शरीररचना कळावी म्हणून स्वतःचा देह देणं, हेही काल्पनिक आहे. ते मूळ कादंबरीतून आलं.

'सदोंग्यो'च्या बाबतीत तर मालिका संपल्यावर पुरावाच समोर आला. राजा मूची राणी ही शेजारच्या सिल्ला राज्याची राजकन्या होती, अशी जुनी आख्यायिका आहे आणि मालिका तिच्यावरच उभी होती. २००९ साली मिरुक मंदिराच्या दगडी पॅगोड्यात सोन्याचा एक पत्रा सापडला. त्यावरच्या लेखात राणीची ओळख बेक्जेमधल्याच एका सरदाराची मुलगी अशी आहे.

धोका असा की लोक मालिकेलाच इतिहास समजतात. पण याची दुसरी बाजूही आहे. जोसनच्या नोंदी दरबाराने लिहिल्या. दासी, स्वयंपाकी किंवा घोड्यांची देखभाल करणारे त्यात चूक किंवा चमत्कार घडला तरच दिसतात. फक्त लिखित पुराव्यावर मालिका करायची ठरवली, तर ती पुन्हा राजा-राणीचीच होणार. ली यांनी कल्पनेची जोखीम घेतली आणि त्यातून तळाची माणसं पडद्याच्या मध्यभागी आली. प्रेक्षकाने एवढंच लक्षात ठेवायचं की माणूस खरा आहे, त्याचं बालपण बहुतेक वेळा लेखकाचं आहे.

त्याच साच्याची मर्यादा

दुसरी टीका जास्त टोचणारी आहे: सगळ्या मालिका सारख्याच वाटतात. गुणी पण हलक्या कुळातलं मूल, हरवलेले आईवडील, एक चांगला गुरू, एक मत्सरी प्रतिस्पर्धी, खोटा आरोप, हद्दपारी आणि पुनरागमन. 'दोंग यी' बघताना 'जांग-गुम'ची आठवण येतेच. नायिका इतकी निर्मळ असते की तिच्याकडून चूक होईल, अशी भीतीही वाटत नाही.

भागांची संख्याही भरपूर. आठवड्याला दोन भाग, एकीकडे प्रक्षेपण आणि दुसरीकडे चित्रीकरण, असा तेव्हाचा शिरस्ता होता. मालिका चालली की ती लांबवली जायची. 'जांग-गुम', 'यी सान' आणि 'दोंग यी' तिन्ही ठरल्यापेक्षा लांबल्या. त्याचा ताण कलाकार आणि तंत्रज्ञांवर यायचा आणि मधले काही भाग रेंगाळलेलेही वाटतात.

'मा-उई' आणि 'ओकजुंगह्वा'ला प्रेक्षक मिळाले, पण 'हो जुन' आणि 'जांग-गुम'ची उंची त्यांना गाठता आली नाही. तोवर कोरियन सागुकही पुढे गेला होता. राजकारण, रहस्य आणि अद्भुताची मिसळ असलेल्या कथा येत होत्या. 'ओकजुंगह्वा'च्या वेळी ली यांनी सत्तरी ओलांडली होती.

मागे काय उरलं?

सागुकला पुढे नेणाऱ्यांमध्ये त्यांच्याच मालिकांवर काम केलेली माणसं आहेत. 'जांग-गुम'च्या लेखिका किम यंग-ह्यन यांनी पुढे 'क्वीन सनदक' (२००९), 'ट्री विथ डीप रूट्स' (२०११) आणि 'सिक्स फ्लाइंग ड्रॅगन्स' (२०१५) या मालिका सहलेखकासोबत लिहिल्या. 'यी सान'चे सहदिग्दर्शक किम गन-होंग 'क्वीन सनदक'च्या दिग्दर्शकांपैकी एक होते आणि २०१३ मध्ये हो जुनची कथा पुन्हा पडद्यावर आली तीही त्यांच्याच दिग्दर्शनात.

आजच्या सागुकमध्ये वैद्य, स्वयंपाकी, चित्रकार किंवा दासी नायक-नायिका म्हणून दिसले तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. १९९९च्या आधी मात्र हे गृहीत धरता येत नव्हतं.

पहिल्यांदा बघायचं तर कुठून सुरू करावं?

सुरुवात 'दे जांग-गुम'पासूनच करावी. भाग साधारण तासाभराचे आहेत, पण पूर्वार्ध, म्हणजे स्वयंपाकघराची कथा, स्वतंत्र मालिकेसारखा बघता येतो. ती आवडली तर 'दोंग यी' आणि मग 'यी सान' हा क्रम सोयीचा. कारण 'दोंग यी'मध्ये जन्मणारा मुलगा म्हणजे 'यी सान'मधला म्हातारा राजा यंगजो, आणि यी सान हा त्याचा नातू. पाणी भरणाऱ्या दासीपासून तिच्या पणतूच्या राज्यापर्यंतची ही सलग गोष्ट मग एका ओळीत बघता येते.